ताईचा सोमवार

साबणाच्या कारखान्यात खरेदीचं काम ताईकडे आलं, तेव्हा टेबलावर एक काळा फोन होता आणि सगळा कारभार त्यावरच चालायचा. पुठ्ठ्याची खोकी तिचा धाकटा भाऊ पुरवायचा. त्याचा छोटासा धंदा या एकाच गिऱ्हाइकावर उभा होता. माल उत्तम, पण माणूस सदाचा उशिरा! म्हणून खोकी गुरुवारी लागणार असली, की ताई दटावायची, "सोमवारी हवीत. या वेळी खरंच घाई आहे हं!" धाकटा "हो हो" म्हणायचा आणि बरोबर गुरुवारी गाडी पाठवायचा. तिची चलाखी त्याला ठाऊक होती. दोघांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, एवढंच.

मग नवी यंत्रणा आली. गोदामातला साठा कमी झाला की कॉम्प्युटर आपणहून मागणी पाठवायचा, तारीखही तोच घालायचा. जादा साठा ठेवणं बंद झालं. ताईने नव्या साहेबाला विनवलं, "माझ्या भावाला जरा आधीची तारीख द्या."

"बाई, यंत्रणेला खोटं बोलता येत नाही," साहेब हसला.

तिने लगबगीने धाकट्याला फोन लावला. "अरे, आता गुरुवार म्हणजे गुरुवारच. खरं सांगतेय!"

"तू दर वेळी खरंच सांगतेस, ताई."

"गळ्याशपथ."

"ती तर तू फ्रॉकमध्ये होतीस तेव्हापासून खातेस!" तो खो खो हसला.

गुरुवारी गाडी आली नाही. साबणाच्या वड्या खोक्यांवाचून साचल्या, काम थांबलं. संध्याकाळ व्हायच्या आत कॉम्प्युटरने धाकट्याला काढून दुसरा पुरवठादार शोधलाही.

नेहमीच्या हिशोबाने सोमवारी धाकटा स्वतःच गाडी घेऊन हजर, अगदी खुशीत. पहारेकऱ्याने फाटक उघडलं नाही. ताई धावत खाली आली.

"सांग ना याला, आपला माल आहे म्हणून."

"माझं कोणी ऐकत नाही रे आता. तुला बजावलं होतं ना मी?"

"बजावलंस," तो म्हणाला. त्याचं हसू मावळलं होतं. "पण नेहमीसारखंच बजावलंस. मी कसं ओळखायचं?"

मागे हॉर्न वाजला. नव्या पुरवठादाराची गाडी वेळेवर आली होती.

"ताई, जरा सरका," पहारेकरी म्हणाला.

ती सरकली.