हिरव्या पट्ट्याची पोती

कारखान्यातली दिवसाची पाळी संपत आली होती. मिक्सरचे भांडे खरवडताना तिच्या बोटांना जे लागले, ते तुटेना. चिमटीत धरून तिने ते ओढले, तर ते रबरासारखे लांबले आणि सुटताच आखडून घेतले. मक्याचे पीठ असे कधी वागत नाही. ते बापडे भुगा होऊन गळते. अठरा वर्षे पीठ हाताळलेल्या बोटांना हे डोळ्यांच्या आधी कळले. हा गहू होता.

ज्यांना गहू सोसत नाही, ज्यांच्या पोटात तो विष होतो, अशांसाठी इथे बिस्किटे होत. पीठ एका देशातून येई, साखर दुसऱ्यातून, खोकी तिसऱ्यातून. आणि तयार माल चौथ्याच देशातल्या, कधी न पाहिलेल्या मुलांच्या हातात पडे. पोत्यांवरची लिपी कारखान्यात कुणालाच वाचता येत नसे. म्हणून पट्टा पाहायची रीत पडली होती: हिरवा पट्टा म्हणजे मका. या खेपेला नेहमीच्या बंदरात संप झाला, आणि दलालाने भलत्याच देशातून पोती मागवली. पट्टा मात्र हिरवाच होता. सकाळी त्यातली सहा पोती तिनेच फोडली, आणि मका म्हणून नोंदवहीत सहीही तिनेच केली.

ती तशीच, पिठाळ हातांनी, सुपरवायझरच्या खोलीत शिरली. वेळेचा धोशा लावणाऱ्या या माणसाला माघारी सगळे 'घड्याळ' म्हणत.

"साहेब, आजच्या मालात गहू आहे."

"हळू, ताई, हळू! सकाळी तपासणीची पट्टी लावली होती ना? स्वच्छ निघाली."

"ती जुन्या पोत्यातल्या पिठाला. नवी पोती नंतर फोडली."

"आणि हे निदान बोटांनी केलंत? दवाखाना थाटा आता."

"एक पट्टी द्या."

"दोनच उरल्यात. नव्या बाहेरून यायच्यात, दीड महिना लागेल."

"खोटी ठरले तर जन्मभर हसा. पण द्या."

तिने बोटांवरचा चिकट गोळा पाण्यात कालवला आणि पट्टी बुडवली. गहू असला तर दुसरी रेष उमटते. त्याला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे खोलीत धुक्यासारखी साचून राहिली. आजच्या मालाचा कंटेनर साडेतीनलाच बंदराकडे निघाला होता. तो चालवत होता तिचा धाकटा दीर. बंदराचे फाटक पाचला बंद होई. एकदा कंटेनर जहाजावर चढला की त्याला परत बोलवणे कुणाच्याच हातात नसे.

रेष उमटली. आधी श्वासाइतकी पुसट, मग ठसठशीत.

घड्याळाच्या तोंडचे पाणी पळाले. "एवढ्याशा रेषेसाठी सबंध कंटेनर?" तो पुटपुटला. "सही तुमची आहे, ताई. विसरू नका."

"विसरले असते, तर आलेच नसते."

तिने फोन लावला. पलीकडे हॉर्नांचा कल्लोळ होता.

"वहिनी? पटकन बोला, पुढे दोनच गाड्या आहेत."

"भावोजी, गाडी वळवा."

"काय म्हणता! चेष्टा करायची वेळ आहे का ही?"

"मालात गहू गेलाय. माझ्या हातून."

"अहो, सील लागलंय. रांग सोडली तर जहाज गेलंच म्हणून समजा. कुणाचा हुकूम आहे? साहेबांना द्या फोन."

तिने फोन पुढे केला. घड्याळाने दोन्ही हात मागे घेतले. जणू फोन म्हणजे तापलेला तवा होता. त्या माघार घेतलेल्या हातांकडे पाहताना तिला कळले, की आता आपल्याशिवाय कुणीच नाही. भीती गेली नव्हती. पण तिला थांबायला जागा उरली नव्हती.

"हुकूम माझा आहे," ती म्हणाली. "नाव विचारलं तर माझं सांगा."

"वहिनी, नोकरी जाईल."

"जाऊ दे. कुठलंसं लेकरू ते खाईल, भावोजी."

पलीकडे रांगेतल्या कुणीतरी शिवी हासडली. मग मागे सरकणाऱ्या गाडीचा तो एकसुरी टीं-टीं आवाज सुरू झाला. अडखळत, थांबत, पुन्हा सुरू होत.

"वळवली," दीर म्हणाला. "पण कारखान्याच्या फाटकावर मला आत घेईल कोण?"

"मी उभी असेन तिथे," ती म्हणाली, आणि चालू लागली.