जुना इशारा

तपासणीचा प्रोग्राम कोड चालवून पाहत नाही. नुसता वाचतो आणि शंका आली की इशारा देतो. औषध सोडणाऱ्या पंपाच्या कोडमध्ये त्याने इतके इशारे दिले होते, की गटाने एक रीत पाडली. मागच्या आवृत्तीपर्यंतचे सगळे जुने, ते झाकायचे. नवा मात्र एकही चालणार नाही. झाकलेले वाचायचं काम गटातल्या एका मुलीकडे होतं. बहुतेक खरंच फुसके निघत.

हा एक मात्र फुसका निघाला नाही. औषधाची पिशवी बदलत असतानाच कुणी वेग बदलला, तर वेगाचा आकडा भरण्याआधीच वापरला जात होता. त्या जागी मेमरीत जो कुठला जुना आकडा पडलेला असेल, त्या वेगाने औषध जाणार.

ती गटप्रमुखाकडे गेली. त्याला सगळे दादा म्हणत.

"एका ओळीची दुरुस्ती आहे, दादा."

"ओळ एक गं, पण फाइल कुठली? तिला हात लावला की तिच्यातले सगळे जुने इशारे नवे ठरतात. मग ते निस्तरणार कोण, तुझे आजोबा?"

"मी निस्तरते."

"आज आवृत्ती जायचीय. आणि पंप इतकी वर्षं चालतोय ना? कुणी मेलं का?"

"मेलं असतं तर आपल्याला कळलं असतं का?"

त्याने स्क्रीनकडे मान वळवली. "पुढच्या आवृत्तीत बघू." मागच्या खेपेलाही ती हेच ऐकून आली होती.

संध्याकाळी ती दवाखान्यात दाखल असलेल्या आत्याकडे गेली. आईमागे आत्यानेच तिला वाढवलं होतं. उशाशी एक पंप होता. काल तो नव्हता.

"तुमच्याकडचाच ना गं हा?" आत्या म्हणाली. "मी सिस्टरना सांगितलंय, माझ्या भाचीचं मशीन आहे, नीट वागा त्याच्याशी."

नर्स नवी पिशवी घेऊन आली. डॉक्टरांनी वेगही कमी करायला सांगितला होता.

"सिस्टर, दोन्ही एकदम नका करू. आधी पिशवी लावा, पंप बंद करून सुरू करा, मग वेग बदला."

"अहो, आम्ही रोज एकदमच करतो. इतकी वर्षं चालतोय."

"माझ्यासाठी करा एवढं."

नर्सने केलं. "बनवता तुम्ही आणि घाबरताही तुम्हीच होय?" म्हणत हसून गेली.

आत्याला झोप लागली. दादाचा मेसेज आला, 'नवे इशारे शून्य! आवृत्तीला तुझी संमती तेवढी राहिलीये.'

'नाही देणार,' तिने लिहिलं.

थोड्या वेळाने उत्तर आलं, 'राहू दे. तुझ्या जागी मी दिली.'

पाळी बदलली. नव्या नर्सला तिने पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिनेही मान डोलावली, आधीच्या नर्ससारखीच हसली आणि समोरच्या खाटेकडे वळली. तिथेही तोच पंप होता. त्याच्या पलीकडेही. त्या खाटांपाशी कुणी बसलेलं नव्हतं, आणि पिशव्या संपत आल्या होत्या.

ती उठून उभी राहिली. कुठल्या खाटेपासून सुरुवात करावी, ते तिला कळेना.