चालेल म्हणाली म्हणजे

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून टेलरमास्तरांची बायको घराबाहेर पडली नव्हती. दवाखान्यातून घरी आणताना शेजाऱ्यांच्या गाडीतून दोघांनी तिला काखेत हात घालून ओढून काढलं, ते तिच्या मनाला फार लागलं. परगावी लेकीला बाळ झालं तरी ती हलली नाही. माझी मला चढता-उतरता येईल अशी गाडी असेल तरच येईन, म्हणाली. म्हणून मास्तर जुनी गाडी बघायला तिला हळूहळू चालवत घराजवळच्या गाडीविक्याच्या शेडमध्ये घेऊन आले. सोबत तिचा भाऊ, गॅरेजवाला.

शेडमध्ये दोन गाड्या होत्या. पांढरी आरशासारखी लखलखीत, इंजिन चालू आहे की बंद तेही कळू नये. निळी उंच, दाराला पोचा, हॉर्न घसा बसल्यासारखा. मेव्हण्यानं दोन्हींच्या बॉनेटमध्ये डोकं खुपसलं. निळीत तसं वाईट काही नाही, क्लच तेवढा जड, पण पांढरीची सर नाही, असा त्याचा निकाल पडला. मास्तरांचाही जीव पांढरीवरच जडला होता.

बायको पांढरीत बसली ती धपकन. उतरताना दार दोन्ही हातांनी धरून कशीबशी उभी राहिली आणि म्हणाली, "चालेल."

गाडीविक्या खुशीत कागद आणायला निघाला. मास्तरांनी मात्र त्याला हातानं थांबवलं. हे 'चालेल' त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. तिला अळणी भाजी चालली होती, गळकं घर चाललं होतं, मास्तरांचा तिरसट स्वभावही चालला होता.

"ही नको," ते म्हणाले.

"दाजी, ताई हो म्हणाली की. कान साफ करून घ्या."

"तू भाऊ आहेस तिचा, नवरा नाहीस. निळीचं दार उघड."

निळीच्या सीटवर ती पाठमोरी टेकली, मग एकेक पाय आत घेतला. कुणाचा हात लागला नाही. नीट बसली आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. काच कुणी जन्मात पुसली नाही, पायाखाली ढीगभर माती, असल्या हॉर्ननं बाळ दचकेल.

मेव्हण्याचं तोंड उतरलं. मास्तरांना हायसं वाटलं. नुसत्या चालवून घेतलेल्या वस्तूला तिनं कधी नावं ठेवली नव्हती; ठेवायची ती मनापासून आपली मानलेल्या वस्तूला.

"आता उतर बघू," ते म्हणाले.

ती उतरली. एक पाय, दुसरा पाय, आणि सरळ उभी.

"लेकीला फोन लावा," ती म्हणाली. "येतोय म्हणावं."

मास्तरांनी फोन काढला, पण आकडेच दिसेनात. त्यांनी तो मेव्हण्याच्या हातात दिला. त्यानंही चेष्टा न करता लावला.