उकिरड्याची वाटणी

गुणमालाची जीभ तिखट, हे साऱ्या पलूस तालुक्याला माहीत होतं. ती तशी नसती तर थोरल्या दिरानं आपल्याला केव्हाच गिळलं असतं, हे मात्र एकट्या गुणमालालाच माहीत होतं.

थोरला दीर म्हणजे शांतिनाथ. पाणी गाळून पिणारा, सूर्य बुडायच्या आत जेवणारा, जमिनीखालचे जीव मरतात म्हणून कांदा-बटाटा ताटात न घेणारा. रानात मात्र त्याच्या पाठीवरचा तणनाशकाचा पंप उतरायचा नाही. भाऊजींचा धर्म बांधापाशी चपला काढतो आणि बाहेरच बसून राहतो, असं गुणमाला चारचौघींत म्हणायची, आणि ते त्याच्या कानावर जाईल अशा बेतानं म्हणायची.

वाटणीची जुनी रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे वाटे पाडणाऱ्याचा हात वाकडा जात नाही. पण धाकटा भूपाल, गुणमालाचा नवरा, वाटणीआधीच वारला. मग शांतिनाथनं वाटे पाडलेही आपणच आणि उचललेही आपणच. विहिरीजवळचं वरचं रान त्यानं घेतलं आणि ओढ्याकाठचा खालचा तुकडा भावजयीच्या पदरात टाकला. त्या तुकड्यात मीठ फुटलं होतं. अनवाणी चाललं की तळवे पिठात बुडवल्यासारखे पांढरे व्हायचे.

गुणमालानं आधी कडेनं खोल चर काढून खारं पाणी ओढ्यात उतरवलं. मग दर पावसाळ्यात हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरायचा आणि फुलायच्या आत हिरवागार नांगरून गाडायचा. शांतिनाथला दारातल्या उकिरड्याची घाण वाटायची, घेऊन जा म्हणाला सगळं; ते शेण तिनं पाट्या भरभरून नेलं. त्यानं उसाच्या पाचटाला काडी लावायच्या आत पाचटही उचललं. आणि दरसाल जतकडून जोतीराम धनगर यायचा. तो रानात जाळीची वाघर लावून मेंढरं रात्रभर कोंडायचा आणि रोज वाघर पुढं सरकवायचा. लेंड्या-मुतानं सारं रान खतायचं. काकू मिठाला खत घालतीया, म्हणून गाव हसलं. गुणमालानं एकालाही उलट उत्तर दिलं नाही, म्हणजे ती किती दमत असेल बघा.

शेवटी माती काळी झाली, मुठीत धरून सोडली की भुसभुशीत सुटायला लागली. ज्याला खारी जमीन अजिबात सोसत नाही तो हरभरा तिथं घाट्यांनी लगडला. तोवर वरच्या रानात युरिया आणि पाटाचं मोकाट पाणी पिऊन ढेकळं दगडासारखी झाली होती, वर पांढरी बुरशी धरल्यासारखं मीठ. मग शांतिनाथला एकाएकी आठवलं, की वाटणीत आपल्यावर अन्याय झाला आहे.

त्यानं गुणमालाच्याच बांधावर पंच बसवले. मधोमध जुने सरपंच लालासाहेब. शांतिनाथ अगदी मऊ बोलला. सातबारा सामाईक आहे, वाटणी नुसती तोंडी झालेली. तेव्हा रानं आलटून-पालटून घ्यावीत. नसेल पटत तर कोर्ट आहेच, नातवंडांच्या हयातीत निकाल लागेल. आयत्या बिळावर नागोबा तो हाच. गुणमालानं तेव्हा पहिल्या वाटणीची गोष्ट काढायला हवी होती. पण तिचं डोकं फिरलं होतं, आणि जिभेला हाड नव्हतं.

"ही माती वाटणीत आली न्हाई, मी केली," ती म्हणाली. "तुमच्या उकिरड्यावरचं शेण, तुमी जाळाय निघालता ते पाचट. तुमी टाकलेलं समदं डोक्यावरनं आणलं मी."

शांतिनाथ हसला. "ऐकलंत न्हवं, लालासाहेब? शेण माझं, पाचट माझं. मग माती कुणाची?"

पंचांना तेवढंच पुरलं. गुणमालाकडं न बघता लालासाहेबांनी सांगून टाकलं, हरभरा निघाला की रानं बदलायची. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. इथं तर उकिरड्याला मालकही मिळाला.

हरभरा काढून झाल्यावर गुणमालानं जन्मात पहिल्यांदा तणनाशकाचा कॅन विकत आणला. मी जिवंत केलेली माती मीच मारणार, असं ठरवून ती संध्याकाळी रानात गेली. जाता जाता शेवटचं बघावं म्हणून तिनं कुदळ मारली. ढेकळात गांडुळं वळवळत होती, आणि मातीला तो ओला, गोडसर वास होता. तिला रडू आलं, आणि रडू आलं याचाच भयंकर संताप आला. त्या संतापातच तिला कळलं, की हे पाप आपल्या हातानं करायची गरजच नाही. दीर होता की.

ताबा द्यायच्या दिवशी जोतीराम नेमका मेंढरं घेऊन आला. शांतिनाथ रानाच्या मधोमध उभा होता, पंच बांधावर. मेंढरं नेहमीसारखी इथंच बसव, रान तेच आहे, मालक बदललाय, असं त्यानं फर्मावलं. जोतीरामानं गुणमालाकडं पाहिलं.

"वाघर वर न्या," ती म्हणाली.

कळप शांतिनाथच्या पायांजवळून वळून वरच्या वाटेला लागला. दगडात मेंढरं बसवून काय उगवणार, असं तो पंचांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. गुणमालानं पिशवीतला कॅन काढून त्याच्यापुढं ठेवला.

"ह्यो तुमाला, भाऊजी. मीच फवारणार हुते. पर म्हटलं, तुमचं काम आपुन कशाला करायचं."

पंच खाली बघायला लागले. शांतिनाथनं मात्र कॅन उचलला, त्यावरचं नाव वाचलं, आणि गड्याला हाक मारली. बांधावर हरळी माजलीय, म्हणाला. आयता आलाच आहे तर आजच मारून घे.

तिला हेच तर हवं होतं. तरी ते बघायला ती थांबली नाही, मेंढरांमागून चालू लागली. वरच्या रानात पाऊल टाकलं, तेव्हा तिचे तळवे पुन्हा पांढरे झाले.