सुखुमीची हमी

नकाशावर काळ्या समुद्राच्या पूर्व काठाला, ‘सुखुमी’ छापलं होतं तिथे, कागद विरला होता. रोज तिथेच बोट टेकल्याने शाई उडून आतला पांढरा लगदा वर आला होता. युनियनच्या कचेरीतून आणलेला सोव्हिएत देशाचा तो नकाशा, देश मोडून गेला तरी तुळशीदासांनी लालबागच्या खोलीतून उतरवला नव्हता.

त्यांचा मुलगा उत्तम ब्याऐंशीच्या गिरणी संपानंतर चार वर्षांनी तिकडे शिकायला गेला, इंजिनीयर झाला आणि नाना नावाच्या जॉर्जियन मुलीशी लग्न करून सुखुमीत राहिला. देश मोडल्यावर त्या शहरात जॉर्जियाचं सैन्य आणि वेगळं होऊ पाहणारे अबखाझ यांच्यात लढाई पेटली. त्र्याण्णवच्या जुलैत तह झाला. रशियाने हमी घेतली, जॉर्जियाने तोफा मागे नेल्या. तेव्हा उत्तमने चाळीखालच्या दुकानात फोन केला होता. "बाबा, नानाला घेऊन मुंबईला येऊ का?"

संपात जे बोचकं बांधून गावी गेले त्यांनीच संप बुडवला, हे तुळशीदासांचं ठाम मत. तेच ते मुलाला बोलले. "रशियाने सही केलीय ना? मग जागा सोडू नको. दम धर."

सप्टेंबरात सुखुमी अबखाझांच्या हाती पडलं. हमी घेणारे बाजूला राहिले. जॉर्जियन माणसं बर्फातल्या घाटाने पळाली. त्यांच्यात उत्तम आणि नाना कुणाला दिसले नाहीत.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असा गावचा रिवाज. बारा कधीच उलटली होती. पितृपक्ष जवळ आला की शेवंताबाई विषय काढत, आणि तुळशीदास दरवेळी म्हणत, "रशिया एक दिवस निकाल लावील. रस्ते उघडतील. मग बघू."

दोन हजार आठच्या ऑगस्टअखेर निकाल लागला. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारी त्यांची मुलगी गुणवंती दादरहून पेपर घेऊनच आली.

"काय म्हणता तुमचो मॉस्को?" शेवंताबाईंनी तांदूळ निवडता निवडता नवऱ्याला टोमणा मारला.

"वाच गो," तुळशीदास मुलीला म्हणाले.

जॉर्जियाशी लढाई करून रशियाने सुखुमीसकट अबखाझियाला स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली होती.

"म्हणजे भांडण मिटलं. आता जाता येईल."

"नाही, बाबा. रशियाचं सैन्य तिथेच बसणार. हाकललेल्या जॉर्जियनांना कुणी परत घेणार नाही."

"पण तहावर सही रशियाची होती."

"त्यांना तो किनारा हातात हवा होता. त्या सहीत आपला दादा कुठेच नव्हता."

आपला आवाज वर्गातल्यासारखा येतोय हे गुणवंतीला कळत होतं. दुसरा आवाज तिला सापडेना.

शेवंताबाईंनी सूप खाली ठेवलं. "माका तुमच्या रशियाचा कायच नको. माझो झील जित्यांत नाय नि पितरांत नाय. इतकी वर्सा दाराभायर उभो आसा."

तुळशीदासांनी नकाशाकडे पाहिलं. गुणवंतीला वाटलं, याही वर्षी ते उठून गॅलरीत जातील.

ते उठले नाहीत.

"गावाक रघूकाकाला फोन लाव," ते म्हणाले. "भटजींना सांगू दे, ह्या पितृपक्षात करूचा. पुतळे दोन. नानाचो पण."