क्लोनडॉकिनच्या घोड्याचं ग्रहण

आशिष आयर्लंडमध्ये एका कारखान्यात हृदयात बसवायचे स्टेंट तपासतो. केसाएवढा ओरखडा त्याच्या नजरेतून सुटत नाही. अक्कल मात्र तो लॉकरमध्ये ठेवून घरी येतो.

दहा जून दोन हजार एकवीस. साडेअकराला त्याच्या बायकोचा, रोहिणीचा स्कॅन होता. आठवा महिना, आणि मागच्या खेपेला बाळाची वाढ कमी दिसली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, तारीख चुकवू नका. पण नाशिकहून आशिषच्या आईचा, लताबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

"आज ग्रहण आहे. रोहिणीला बाहेर सोडू नकोस."

"आई, पंचांगात तर वेध पाळू नका असं लिहिलंय," रोहिणी म्हणाली.

"ते आमच्यासाठी. इथे दिसत नाही. तुमच्याकडे दिसतंय ना? मग पाळायचं. गुरुजींना विचारलंय मी."

गुरुजी अंबडला राहतात. आयर्लंड कुठे आहे हे त्यांना लताबाईंनीच सांगितलं असणार.

फोन ठेवल्यावर आशिषने विज्ञान काढलं. "अगं, जनावरांनासुद्धा कळतं. ग्रहणात चरणं थांबवतात. मी वाचलंय."

क्लोनडॉकिनमधल्या त्यांच्या घरामागच्या मैदानात कुणाचा तरी कबरा घोडा बांधलेला असायचा. दहा वाजल्यापासून हा इंजिनिअर खिडकीत उभा राहून घोड्याचं निरीक्षण करत होता. सूर्याचा लचका तुटला. घोडा चरत होता. सीगल कचऱ्याच्या पिशव्या फाडत होते. शेजारचा कुत्रा पोस्टमनवर नेहमीसारखाच भुंकला.

पावणेअकराला घोडा खाली बसला.

"बघ! बघ!" आशिष नाचायचा बाकी होता.

घोडा पाठीवर लोळला, चारही पाय हवेत झाडले, उठला, शेण टाकलं आणि पुन्हा गवताला लागला.

"ग्रहण चाळीसच टक्के आहे ना," आशिष पुटपुटला. "म्हणून."

"मग वेधही चाळीसच टक्के पाळ. उरलेल्या साठात मी जाऊन येते." तिने गाडीची किल्ली उचलली.

"मी येतो."

"कोविड आहे. तुला आत घेणार नाहीत. घोडा बघ तू."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाई स्क्रीनकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. नाळेतून रक्त नीट जात नव्हतं. "आज आलात हे चांगलं झालं. आता घरी सोडत नाही. कदाचित उद्याच सिझेरियन करावं लागेल."

रोहिणीने आशिषला फोन केला. बॅग घेऊन ये, म्हणाली. त्याने आधी आईला कॉलवर जोडलं. बॅग नंतर.

"बघितलंस?" लताबाईंचा आवाज फाटला. "सांगत होते ना, बाहेर पडू नको!"

"आई, आज आले म्हणून कळलं."

"आज गेलीस म्हणून झालं!"

आशिष गप्प होता. तो कुणाच्या बाजूने गप्प होता हे तिला पक्कं कळलं.

तिने फोन बंद केला. नर्सने विचारलं, नातेवाईक म्हणून कुणाचं नाव लिहू? रोहिणीने क्लोनडॉकिनच्याच तिच्या मैत्रिणीचा, पद्मिनीचा नंबर दिला. बॅगही तिलाच आणायला सांगितली.