सेनेटरची दौड

सेनेटर पडद्यावर वाऱ्यासारखा पळायचा, ही सगळी माझी करामत. खरं तर ते म्हातारं खेचर दहा पावलं टाकून विचार करत उभं राहायचं. पण हातानं फिरवायच्या कॅमेऱ्याचा दांडा सावकाश फिरवला की पडद्यावर सगळं भरधाव दिसतं. आमच्या पाच पोरांच्या विनोदी मूकपटांत सेनेटर आला की थिएटर हसून लोळायचं. मालक प्रुइटही ते थिएटरात बसूनच बघायचे, कारण सेटवरची धूळ त्यांना सोसायची नाही. आमचं बरं चाललं होतं.

त्या गुरुवारी मात्र ते सकाळीच टपकले.

"ओटिस, पलीकडच्या सिंहवाल्यानं सेनेटरला मागितलंय."

"कशाला?" मी वेड पांघरलं. चित्रांसाठी सिंह पाळणारे म्हातारी जनावरं कशाला नेतात, हे आमच्या हॉलिवूडात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"आज माझ्यासमोर पळू दे. पोरांच्या पुढे राहिला तर ठेवू. आणि दांड्याची गंमत मलाही कळते बरं का. नीट फिरव."

प्रसंग साधा होता. सेनेटर दोरीवरची चादर ओढून पळणार, मागे पोरं. पण सगळ्यांत पुढे धावणारी व्हर्ना आठ वर्षांची, लांब टांगांची. पाच उड्यांत ती त्याला गाठेल.

मी तिला बाजूला घेतलं. "व्हर्ना, आज जरा..."

"ऐकलंय मी सगळं, काका. पोरांना दम दिलाय. जो पुढे जाईल त्याच्या झिंज्या उपटीन."

दांडा फिरू लागला. सेनेटर निघाला, आणि पोरं काय धावली म्हणता! हात गरगर, तोंडं लालबुंद, धापा टाकतायत, आणि पाय जागच्या जागी. मालक माझ्या खांद्याशी उभे. घामानं दांडा हातातून निसटत होता.

अर्ध्या वाटेत सेनेटर मंदावला. व्हर्नाला आणखी हळू धावणं जमेना, म्हणून तिनं मुद्दाम धडपडून लोळण घेतली. तिथंच घात झाला. रोज तिच्या डब्यातलं सफरचंद खाणारं ते जनावर थांबलं, वळलं आणि तिला हुंगायला परत निघालं. माया दाखवायची ही काय वेळ!

"पळ ना मेल्या!" व्हर्ना जमिनीवरूनच किंचाळली. "पळ, नाहीतर खातील तुला!"

आमच्या चित्रांना आवाज नव्हता हे नशीब, आणि मालकांना तो अभिनयच वाटला. ती रडत होती, खरंखुरं रडत होती. तिनं मूठभर माती त्याच्या तोंडावर फेकली. सेनेटर दचकला आणि चादरीसकट असा सुटला की कुंपण येईपर्यंत थांबला नाही.

मालक पोट धरून हसले. "राहू दे खेचर. अजून दम आहे." मग डोळे पुसत म्हणाले, "पण ती उंच पोरगी फारच मंदावलीय. सोमवारपासून दुसरी बघ."

मी तोंड उघडलं. सगळं सांगून टाकणार होतो, तेवढ्यात माझ्या बुटावर एक छोटा बूट दाबून उभा राहिला. मालक गाडीकडे गेले तरी तो हलेना.

"गप्प बसा, काका," मातीनं माखलेलं नाक ओढत व्हर्ना म्हणाली. "मला थोडंच कुणी सिंहापुढे टाकणार आहे?"